नीट कळवलं नाही

तुमच्या-माझ्या पणज्यांचे पणजेही जन्मले नव्हते, तेव्हाची गोष्ट. एका राज्यात एक गाव होते. गावाच्या डोक्यावर मोठे तळे, तळ्याला मातीचा बांध, आणि बांधाच्या पायथ्याशी खालची आळी. गावाचा कारभार पाच जण बघत. त्यांच्यात सगळ्यांत वरचे ते थोरले कारभारी. माणूस काही दुष्ट नव्हता हो! पण आपल्याला चारचौघांत बोलता येत नाही, ही त्यांना भारी खंत.

म्हणून त्यांनी राजधानीहून एक पंडित आणवला. पुढाऱ्याने कसे वागावे, कसे बोलावे, हे शिकवायला. महिनाभर चावडीत शिकवणी चालली. हात कुठे ठेवावा, आवाज कुठे चढवावा, कुठे थांबावे. पाचही जण असे बोलायला लागले की ऐकणाऱ्याने तोंडात बोट घालावे. ऐकून कसे घ्यावे, हे मात्र पंडिताने शिकवले नाही. कुणी विचारलेही नाही. कशाला विचारतील?

शेवटच्या दिवशी सकाळी तळ्याचा राखणदार धापा टाकत चावडीत शिरला. अंगभर चिखल.

"कारभारी, बांध खचतोय! नगारा वाजवा, खालची आळी रिकामी करा!"

खालच्या आळीत चाळीस घरे होती. त्यांतल्याच एका घरात राखणदाराची आई अंथरुणाला खिळलेली. तिला एकटीला पाठीवर घेऊन तो सहज निघू शकला असता. पण चावडीचा नगारा वाजल्याशिवाय आळी उठत नसे, आणि थोरल्यांच्या हुकमाशिवाय नगाऱ्याला कुणी हात लावत नसे. म्हणून बिचारा आईला तशीच ठेवून चावडीवर आला होता.

थोरले पंडिताकडे बघून हसले. "बघितलंत? ही आमची माणसं!" मग राखणदाराला म्हणाले, "अरे, ही काय बोलायची रीत झाली? आधी नमस्कार, मग सभेला मान, मग विषय. जा, बाहेरून परत ये."

राखणदार बाहेर गेला, परत आला, नमस्कार केला. "कारभारी, पाया पडतो, माझी आई—"

"घरचं गाऱ्हाणं सभेत नको," दुसरे एक कारभारी म्हणाले. "आणि आवाज केवढा! लोक घाबरतील ना."

तिसऱ्यांदा तो हात जोडून सरळ उभा राहिला. डोळ्यांतून पाणी वाहत होते. "सन्माननीय सभाजन," एवढे त्याने म्हटले, आणि तळ्याकडून जो आवाज आला तो सगळ्या गावाने ऐकला.

चाळीस घरांतले एकही उरले नाही. म्हातारीचा देह दोन दिवसांनी बाभळीत अडकलेला सापडला.

पुढे चौकशी झाली. पाचांनीच केली, दुसरे कोण करणार? 'राखणदाराने नीट कळवले नाही' असा निकाल लागला आणि त्याला कामावरून काढून टाकले. थोरल्यांनी मेलेल्यांसाठी भाषण केले. काय ते भाषण! वरच्या आळीतल्या बायका ढसाढसा रडल्या. राखणदार तेवढा रडला नाही. आईची राख घेऊन तो गाव सोडून गेला.

गाव मात्र शिकले. त्यानंतर चावडीत वाईट बातमी कुणी नेली नाही.

दोनच वर्षांत चावडीच्या तुळईला वाळवी लागली. सुताराने बोट लावले तर बोट आत गेले. तेवढ्यात थोरल्यांनी विचारले, "काय रे, छप्पर कसं आहे?"

"झकास आहे, कारभारी," सुतार म्हणाला आणि हत्यारे गोळा करून घरी गेला.

आठ दिवसांनी भर सभेत छप्पर कोसळले. पाचही जण खाली गाडले गेले. ते कोसळणार हे अख्ख्या गावाला ठाऊक होते.

तात्पर्य: जो सांगणाऱ्याचे तोंड बंद करतो, त्याला त्याच्या मरणाची खबरही कुणी देत नाही.