तोडलेला पूल

एकदा एक चिमुकला डोंगरी देश दोन बलाढ्य राजांच्या युद्धात मधोमध सापडला. देश कुणाच्याच बाजूचा नव्हता. दऱ्या मात्र इतक्या खोल, की सकाळी वरून मारलेली हाक तळाशी पोहोचेपर्यंत दुपार व्हायची. त्यांवर अंबाडीच्या दोरांचे झुलते पूल. दोर गावच्या बायका वळायच्या, आणि जिने वळला तिच्याखेरीज त्याला कुणी कोयता लावायचा नाही, असा तिथला रिवाज.

एके दिवशी उत्तरेच्या राजाचा सेनापती सैन्य मागे थांबवून एकटाच पहिला पूल ओलांडून आला. देशाच्या वृद्ध प्रधानांना म्हणाला, "आमच्या सैन्याला तुमच्या देशातून दक्षिणेला जायचंय. वाट द्या, नाहीतर घेऊ."

प्रधानांच्या तरुण शिष्याने मनातल्या मनात आपलं सैन्य मोजलं. देशाचं सैन्य म्हणजे दोन पहारेकरी, त्यातला एक रजेवर.

प्रधान पुलाशी लसूण सोलत बसलेल्या म्हातारीकडे वळले. "आक्का, तोडा."

"आत्ता? बरं." दोन घाव, आणि पूल दरीत.

"गुरुजी!" शिष्य किंचाळला. "आपलं मीठ याच वाटेनं येतं!"

"आणि मी परत कसा जाऊ?" सेनापती ओरडला.

"टोपलीतनं खाली सोडते की. शेळ्या जातात," आक्का म्हणाली. "पलीकडं चढायचं तुमचं तुम्ही."

"हा पुन्हा बांधणार कधी?" सेनापतीने विचारलं.

"अंबाडी पेरायची, कापायची, कुजवायची, मग वळायची. गुडघ्यानं साथ दिली तर पुढल्या वर्षी."

"पुढे असे सहा पूल आहेत," प्रधान नम्रपणे म्हणाले. "प्रत्येकापाशी एक बाई बसलीय. आक्का त्यातली शांत."

सेनापती गुडघे पोटाशी घेऊन टोपलीत बसला. धापा टाकत पलीकडे पोहोचताच त्याने सैन्याला डोंगराला वळसा घालायचा हुकूम सोडला.

"गुरुजी, आपणच आपलं नुकसान केलं?"

"बाळा, त्याला हरवणं आपल्या हाती नव्हतं. पण त्याला देश नको होता, वाट हवी होती. ती मोडायची आपली तयारी नुसती सांगून त्याला पटली नसती. आपल्यालाही झळ बसलेली त्याने पाहिली, तेव्हा पटली. आता वर्षभर अळणी जेवू."

शिष्य घुटमळला. "पण बाकीच्या पुलांवर तर कुणीच बसलेलं नाही."

"म्हणूनच घाई कर. संध्याकाळपर्यंत सगळ्या बसव. मला खोटं बोलायची सवय नाही."

शिष्य प्रथमच काही न विचारता निघाला.