खडक फोडणारी झारी

म्हाळसा पाथरवटणीकडे एका गोसाव्यानं दिलेली झारी होती. कितीही ओतलं तरी तिचं पाणी संपत नसे. किल्लेदार हैबतरावांचा त्या झारीवर डोळा होता.

एकदा कड्यावरून भलामोठा खडक कोसळला आणि गावची खिंडच बंद झाली. हैबतरावांनी संधी साधली. भरल्या चावडीत ते म्हणाले, "लोखंड न लावता, झारीच्या पाण्यानं तो खडक फोडून दाखव. दिवस मावळेपर्यंत फुटला नाही, तर झारी माझी!"

"आणि फुटला, तर पुन्हा झारीचं नाव काढायचं नाही," म्हाळसा म्हणाली. खडकाची नस तिला चांगली ठाऊक होती.

तिनं भेगेत वाळलेल्या बाभळीच्या पाचरी लाकडी मोगरीनं ठोकल्या आणि दिवसभर त्यांच्यावर झारीची धार धरली. पाचरी फुगत गेल्या. उन्हं कलताना कडाड् आवाज झाला आणि खडक दुभंगला. गावानं एकच जल्लोष केला.

हैबतराव खवळले. "ही लबाडी आहे! खडक पाण्यानं नाही, लाकडानं फुटला!"

म्हाळसानं ओल्या पाचरी गोळा करून त्यांच्यापुढे ठेवल्या.

"मग सरकार, ही कामाची लाकडं तुम्ही न्या. बिनकामाची झारी राहू द्या माझ्याकडे."