परतीच्या दगडांचं तळं

हे तळं. इथूनच पाहा, कडेला फार जाऊ नका. तिन्ही बाजूंनी कडा कसा सरळ कापल्यासारखा आहे बघा. आपोआप झालेलं तळं असं नसतं. ही खाण आहे, सातवाहनांच्या काळातली म्हणतात. दगड चांगला आहे, निळसर काळा, एकदा बसवला की पिढ्यान्‌पिढ्या हलत नाही. तरी आमच्यातलं कुणी या डोंगराला छिन्नी लावत नाही.

त्या काळी खाली नदीकाठी मोठं नगर होतं, असं सांगतात. घाट चढून आलेला माल तिथं उतरायचा. समुद्रापलीकडून, रोमकांच्या देशातून यवन व्यापारी यायचे. नगर सगळं विटांचं आणि लाकडाचं. यवन बैठकीत बसून सांगायचे, आमच्याकडे वेशी दगडी, रस्तेसुद्धा दगडी. ईसपाळ शेट म्हणून नगरातला सगळ्यात मोठा व्यापारी होता, त्याच्या मनाला ते लागलं. पुढच्या हंगामात यवन येतील ते दगडी वेशीखालून, असं त्यानं चारचौघांत बोलून टाकलं.

काम भादू पाथरवटाकडे आलं. त्याच्या लोकांची वस्ती याच डोंगरावर, खाणीच्या अगदी माथ्याला. वरवरचा दगड लवकरच संपला. उरला तो वस्तीच्या खालचा. भादू शेटाकडे गेला आणि पलीकडच्या डोंगरातून दगड आणू म्हणाला. शेटानं हिशेब केला. दगड फुकटचा होता, पण तो लांबून ओढून आणायचा तर बैलच इतका दाणा खाणार की वेस अर्ध्यावर राहील.

"जवळचाच काढ," शेट म्हणाला. "गाडीमागं दुप्पट धान्य देतो."

त्या साली पाऊस झाला नव्हता. भादू घरी आला. बायकोनं, नागसरीनं, खोदून विचारलं तेव्हा त्यानं सांगितलं. सगळी वस्ती त्या कड्यावर तोललेली आहे, हेही सांगितलं. तिला ते ठाऊक होतंच. दोन्ही लेकरं उकडलेला कंद खाऊन कोपऱ्यात निजली होती. तिनं त्यांच्याकडे पाहिलं.

"काढा," ती म्हणाली. "उपाशी मेल्यावर घर कुणासाठी राखायचं?"

पुढं काही दिवस वस्तीत चुली पेटल्या. मग एकदा नागसरी धान्य आणायला नगरात गेली असताना कडा बसला. गोणी डोक्यावर घेऊन ती परतली, तर वस्तीच्या जागी नुसती धूळ होती. भादू, लेकरं, बाकीची माणसं, सगळी खाली गेली होती.

शेट आला. त्याला वाईट वाटलं, डोळे पुसले म्हणे. पण दगड आयताच सुटा झाला होता, फोडायची मजुरी वाचली होती, आणि यवन यायची वेळ जवळ आली होती. त्यानं गाड्या लावल्या. दगड उचलले तशी खालची माणसं उघडी पडली. दगड नगरात गेले, माणसं इथंच राहिली.

नागसरीनं लेकरांवर घालायला चार दगड मागितले.

"कपच्या हव्या तेवढ्या घे," शेट म्हणाला. "घडण्याजोगा दगड वेशीचा आहे."

"धान्य आम्ही खाल्लं, शेट. ते मी नाकारत नाही," एवढंच ती बोलली, आणि हातांनी कपच्या ओढू लागली. तिनं सगळ्यांना झाकलं. पुढच्या पावसाळ्यात खाण पाण्यानं भरली आणि कपच्या कुठल्या कुठं वाहून गेल्या.

वेस पुरी झाली. यवन तिच्याखालून आले. त्यांनी मान वर करून पाहिलं की नाही, ते कुणी सांगत नाही.

नंतर व्यापार दुसऱ्या वाटेला लागला. शेटाचं घराणं बुडालं. वेशीला राखणारं कुणी उरलं नाही तसे लोक तिचेच दगड काढून घरांसाठी नेऊ लागले. खाणीतून काढण्यापेक्षा ते स्वस्त पडत. नागसरी तोवर म्हातारी झाली होती. ती वाटेत उभी राहायची आणि येईल त्या गाडीवाल्याला सांगायची, "यातला एक माझ्या लेकरांचा आहे." कुणी वाद घातला नाही. मिळालेला दगड डोक्यावर घेऊन ती डोंगर चढायची आणि या पाण्यात सोडायची. ती गेल्यावर लोक स्वतःच आणू लागले.

आजही खालच्या गावात कुणी घर बांधायला काढलं, की पायाचा एक दगड आधी इथं येतो. घर सिमेंटचं असलं तरी येतो. चौथ्या बाजूला तो उतार दिसतोय ना, तिथून गुडघाभर पाण्यात जायचं आणि दोन्ही हातांनी दगड हळू सोडायचा. फेकायचा नाही. खाली लेकरं आहेत.