जन्मावेळी नसलेली वस्तू

जुन्या मोटारींच्या मेळ्यात बाकीच्या गाड्या ट्रकवर बसून आल्या, गफूर मिस्त्रींची मात्र मिरजेहून स्वतःच्या चाकांवर आली. मोडीतून उचललेल्या या म्हातारीचं इंजिन त्यांनी दोन वर्षं खपून नव्यानं बांधलं होतं आणि तेलातला कचरा तिच्या पोटात जाऊ नये म्हणून ऑइल फिल्टरही बसवला होता.

परीक्षक धनवटेसाहेबांनी चष्मा सावरत बॉनेटखाली डोकं घातलं आणि ते कडाडले, "हा फिल्टर हिच्या जन्माच्या वेळी नव्हता!" लगेच त्यांनी कागदावर 'बाद' लिहिलं.

मिस्त्री हात जोडून म्हणाले, "कबूल, साहेब. जन्माच्या वेळी नव्हतं ते चालायचं नाही. मग तपासणीही त्याच नियमानं होऊ द्या. तेवढा चष्मा काढा."

लोक हसले. आता माघार कशी घ्यायची? साहेबांनी तोऱ्यात चष्मा काढला आणि डोळे बारीक करून ते पुन्हा वाकले.

"दिसतोय का फिल्टर?"

"फिल्टर कसला, मला इंजिनही दिसेना! चष्म्याशिवाय माझं चालत नाही हो, मिस्त्री."

"हिचंही फिल्टरशिवाय चालत नाही, साहेब."

साहेबांनी चष्मा चढवला आणि 'बाद'वर काट मारली.