मुक्कामाचा कुत्रा

एकदा एक व्यापारी आपलं अख्खं घर चाकांवर घालून जुन्या गुरुजींच्या दारी येऊन उभा राहिला. यात अतिशयोक्ती मुळीच नाही. रतनशेट त्याचं नाव. पण साठी उलटलेल्या माणसाला आपण अहो-जाहोच करू. तर रतनशेटांनी तीस वर्षं तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान चालवलं आणि एक दिवस किल्ल्या मुलाच्या हाती देऊन एक लांबलचक गाडी घेतली. तिच्यात पलंग, शेगडी, पाण्याची टाकी, एवढंच काय, देव्हारासुद्धा बसवून घेतला. गावाला चेष्टेला विषय मिळाला. "शेटजी, माणसं घराचा कंटाळा आला की प्रवासाला जातात. तुम्ही घरच बरोबर नेताय, मग कंटाळा आला की जाणार कुठं?" रतनशेटही हसले आणि पत्नी इंदुमतीबाईंना शेजारी बसवून निघाले. वर्षभर उभयतांनी मनसोक्त भटकंती केली. जागा आवडली की महिनाभर मुक्काम, नाही आवडली की दुसऱ्या दिवशी पुढे.

गुरुजींनी रतनशेटांना शाळेत संस्कृत शिकवलं होतं. आता ते ऐंशीच्या पुढे गेले होते आणि नदीकाठच्या लहानशा घरात एकटेच राहत होते. लोक अडलेले प्रश्न घेऊन त्यांच्याकडे येत. रतनशेटही प्रश्न घेऊनच आले होते.

"गुरुजी, एवढंच सांगा, गाडीत कुत्रा ठेवावा की नाही? हिची फार इच्छा आहे. सोबत होते, राखण होते, हे मलाही पटतं. पण उन्हाळ्यात गाडी तापते. देवदर्शनाला गेलो तर त्याला ठेवायचं कुठं? केस, घाण, दवापाणी, निराळंच. मन दोन्हीकडे ओढतं. तुम्ही म्हणाल तसं करू."

गुरुजींनी विचारलं, "कुत्र्याची सवय आहे का तुला?"

"सवय?" रतनशेटांची कळी खुलली. "अहो, मला कुत्र्यांची मायाच लागते म्हणा ना! जिथं मुक्काम पडेल तिथं एक तरी येऊन चिकटतंच. पहिल्या मुक्कामात राणी होती, मग काळ्या, मग भीमा. गेल्या महिन्यात धरणाच्या पाण्याकाठी राहिलो, तिथं गुंड्या. नावं हीच ठेवते. सकाळी माझ्या हातून बिस्किटं, संध्याकाळी दूधपोळी आणि रात्रभर गाडीखाली पहारा. निघालो तेव्हा काय सांगू तुम्हाला! पुलापर्यंत धावत आला. आरशात दिसत होता मला!"

आणि रतनशेट खळखळून हसले. इंदुमतीबाई हसल्या नाहीत. त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि त्या नदीकडे बघत बसल्या.

"बरं," गुरुजी म्हणाले. "आला आहात तर राहा."

प्रश्नाचं उत्तर काही त्यांनी दिलं नाही. मात्र पाहुणचार असा केला, की रतनशेट ओशाळून गेले. भल्या सकाळी गुरुजी स्वतः गाडीच्या दारावर टिचकी मारून "रतन, ऊठ रे, चहा झाला" म्हणून हाक मारत. ओसरीवर आपल्या पाटाशेजारी त्यांचा पाट मांडत. पानात भाकरी संपायच्या आत दुसरी वाढत. रतनशेटांचा गुडघा दुखतो हे कळल्यावर तेल कोमट करून आणलं, आणि नको नको म्हणत असताना स्वतःच्या थरथरत्या हातांनी चोळून दिलं. वडील गेल्यापासून इतक्या मायेनं कुणी विचारलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी तर टिचकी वाजायच्या आधीच रतनशेट जागे होऊन, केस विंचरून, दाराशी बसले होते. स्वतःचंच त्यांना हसू आलं. या वयात आपण लहान मूल झालो की काय!

चौथ्या दिवशी टिचकी वाजलीच नाही.

रतनशेट वाट बघून बाहेर आले. गुरुजींच्या दाराला कुलूप होतं. ओसरी झाडलेली, पाट भिंतीला टेकवून ठेवलेले. शेजारच्या म्हातारबाईला विचारलं, तर म्हणाली, "पहाटेच गेले की. कुठं ते काही बोलले नाहीत."

येतील इतक्यात, म्हणून रतनशेट ओसरीच्या पायरीवर बसले. ऊन पायरीवर चढलं तेव्हा सावलीला सरकले. दुपारी इंदुमतीबाईंनी गाडीतून हाक मारली, "अहो, दोन घास खाऊन घ्या." ते नको म्हणाले. नदीकडून कुणाची चाहूल लागली की अर्धवट उठायचे; गवळी दिसायचा, नाहीतर धुणं घेऊन चाललेली बाई. पुन्हा बसायचे. आणि बसल्या बसल्या मन नको तिथं जाऊ लागलं. आपलं काही चुकलं का? काल जेवताना आपण फार बोललो का? गुडघा चोळू दिला, तेच आगाऊपणाचं झालं का? थोर माणूस, मनाला लागलं असेल काही. एकेक शब्द आठवून त्यांनी पाखडून पाहिला. दोष सापडेना, तरी दोष आपलाच, याबद्दल त्यांच्या मनात शंका उरली नाही. निघून जावं, असा विचार काही एकदाही मनाला शिवला नाही.

दिवस कलला तेव्हा गुरुजी काठी टेकत आले. कुलूप काढत सहज म्हणाले, "अरे, बसलायस होय?"

रतनशेटांचा बांध फुटला. "बसलायस होय? गुरुजी, सकाळपासून पाण्याचा थेंब नाही घेतला मी! कुठं होतात? सांगून तरी जायचं! माझं काय चुकलं तेवढं सांगा, म्हणजे झालं." शेवटच्या शब्दाला आवाज चिरकला, आणि साठीच्या त्या माणसाला आपल्या डोळ्यांत पाणी आल्याचं कळलं.

गुरुजी त्यांच्या शेजारी पायरीवरच बसले. म्हणाले, "तुझं काही चुकलं नाही, रतन. गुंड्याचंही काही चुकलं नव्हतं."

रतनशेटांनी डोळे पुसले.

"तू मला विचारलंस, कुत्रा पाळावा का. अरे, तू चार पाळलेस. गळ्यात पट्टा बांधला म्हणजे पाळलं, असं तुला वाटतं. ज्या सकाळी त्या जिवाला तुझ्या हाताची वाट पाहायची सवय लागली, त्या सकाळी तू त्याला पाळलंस. तीन दिवस मी तुला तशी सवय लावली आणि आज न सांगता निघून गेलो. तुला निदान तोंड आहे, तू मला जाब विचारलास. त्यानं कुणाला विचारायचं? तेव्हा पाळावं का, हा तुझा प्रश्नच उरलेला नाही. पाळलेलं टाकावं का, एवढाच प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर तू चार वेळा देऊन आला आहेस. आणि हे बघ, आज मीही फार मोठं पुण्य केलेलं नाही. पलीकडच्या वाडीवर बसून होतो. तू इथं पायरीवर असशील हे ठाऊक होतं. घास उतरला नाही घशाखाली."

रतनशेटांनी मान खाली घातली. जे सांगायचं राहिलं होतं ते आता पोटात ठेववेना. "गुरुजी, मी तुम्हाला हसत हसत सांगितलं, पण अर्धंच सांगितलं. त्या दिवशी आम्ही उजाडायच्या आत निघालो. मुद्दाम. त्याच्या डोळ्यांकडे बघायला नको म्हणून. चार बिस्किटं लांब टाकली, तो तिकडे गेला आणि मी गाडी सुरू केली. तो मागे धावला तेव्हा ही म्हणत होती, थांबवा, अहो, थांबवा. मी वेग वाढवला. जनावर आहे, दोन दिवसांत विसरेल, म्हणालो. आणि वर त्याचं कौतुक सांगतोय लोकांना, की मागे धावला म्हणून! लाज वाटते मला, गुरुजी. अंगावरची कातडी काढून ठेवावीशी वाटते."

"वाटू दे," गुरुजी म्हणाले. "लगेच पुसायची घाई करू नकोस. आत ये, भाकरी टाकतो."

दुसऱ्या दिवशी रतनशेटांनी गाडी आल्या वाटेनं वळवली. दोन दिवसांची वाट. त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं, की गुंड्याला उचलायचं, गाडीत घ्यायचं आणि मरेपर्यंत सांभाळायचं. वाटेत एका गावात थांबून त्याच्यासाठी गादी, भांडं आणि बिस्किटांचे पुडे घेतले. जसजसं धरण जवळ आलं, तसतसा जीव वरखाली होऊ लागला. नसलाच तर? एखाद्या गाडीखाली सापडला असला तर? इंदुमतीबाई काही बोलत नव्हत्या, आणि ते न बोलणंही रतनशेटांना लागत होतं.

धरणाकाठी हौसाबाई नावाच्या एका बाईची चहाची टपरी होती. गाडी दिसताच ती किटली खाली ठेवून बाहेर आली.

"तुम्हीच न्हवं का ते घरगाडीवाले? या, या. तुमच्या जिवापायी आठ दिस ते मुकं जनावर त्या निलगिरीखाली बसून होतं. गाडीचा आवाज आला की पळायचं सडकेवर. भाकर टाकली तर शिवायचं न्हाई. शेवटी आमच्या मालकानं उचलून आणला. अंगात ताप होता त्याच्या. माझ्या लेकीनं चमच्यानं दूध पाजलं, तवा उठला."

टपरीच्या बाकाखालून गुंड्या बाहेर आला. वाळला होता. रतनशेटांना वाटलं, आता भुंकेल, निदान पाठ फिरवील. तेवढी शिक्षा तरी मिळावी. पण तो शेपटी हलवत थेट आला, त्यांचे पाय हुंगले आणि डोकं त्यांच्या मांडीला घासू लागला, जणू काही घडलंच नव्हतं. शरमेनं रतनशेटांना त्या कुत्र्याच्या डोक्यावर हातही ठेववेना.

"मी याला न्यायला आलोय, बाई," ते म्हणाले. "आता अंतर देणार नाही. माझं पाप मला धुऊन काढू द्या."

हौसाबाईनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. "न्या की. माझा काय सातबारा हाय व्हय त्याच्यावर? पर एक इचारते, राग मानू नका. हितं त्याला शेरडं हायती, ओढा हाय, लेक शाळंतनं यायची येळ त्याला ठाव हाय. तुम्ही त्याला त्याच्यासाठी न्यायला आलाय, का तुमच्यासाठी?"

तीस वर्षं गिऱ्हाइकाला निरुत्तर करणाऱ्या रतनशेटांना याचं उत्तर ठाऊक होतं. पण ते असं होतं, की सांगायची लाज वाटावी.

त्या रात्री गाडी तिथंच राहिली. इंदुमतीबाईंनी पोळी कुस्करायला घेतली, तेव्हा रतनशेटांनी त्यांचा हात धरला. "नको. त्याची भाकरी आता त्या घरात आहे. पुन्हा सवय लावायची नाही." गुंड्या थोडा वेळ दाराशी बसला, मग हौसाबाईच्या लेकीनं हाक मारली तसा तिकडे गेला.

सकाळी हौसाबाईच्या नवऱ्यानं शेळ्या सोडल्या. गुंड्या गाडीजवळ आला. रतनशेट या वेळी गाडीतून खाली उतरून त्याच्यासमोर उभे होते. त्यांनी शीळ घातली नाही, खिशातल्या पुड्याला हात लावला नाही. "गुंड्या," ते म्हणाले, "आम्ही आज चाललो. मागच्या वेळी सांगितलं नाही. चूक माझी होती, तुझी नव्हे." कुत्र्याला भाषा कळते की नाही, हा वाद पंडितांनी घालावा. गुंड्या त्यांच्याकडे बघत राहिला. ओढ्याच्या बाजूनं शेळ्यांच्या गळ्यातली घंटा वाजली. त्यानं तिकडे पाहिलं, परत इकडे पाहिलं, आणि मग वळून शेळ्यांच्या मागं पळत सुटला. एकदाही थांबला नाही.

त्यानं जावं असं रतनशेटांना मनापासून वाटत होतं, आणि तरी त्यानं एकदा मागं वळून पाहावं असंही वाटत होतं. टाकलं जाणं म्हणजे काय, ते त्यांनी उभ्या उभ्या पुरतं सोसलं. शेळ्या टेकडीआड होईपर्यंत ते जागचे हलले नाहीत.

"निघायचं?" इंदुमतीबाईंनी विचारलं. मागच्या वेळी धरण सुटल्यापासून इतक्या दिवसांत त्यांचा आवाज पहिल्यांदाच मऊ झाला होता. "गादी हौसाबाईंना देऊन टाकू का? आता काय करायची आपल्याला?"

"राहू दे," रतनशेट गाडीत चढत म्हणाले. "राणी आहे, काळ्या आहे, भीमा आहे. तिघांच्याही दारी जायचंय. त्यांतल्या ज्याला अजून कुणी उचललं नसेल, तो आपला. मग मुक्काम कुठं आणि किती, ते त्याला मानवेल तसं."

गाडी वळली. पहिलं गाव, राणीचं, एकशेऐंशी कोसांवर होतं, आणि त्या गावाला आपण कोणत्या तोंडानं जायचं, हे रतनशेटांना वाटभर कळलं नाही. पण ते गेले.