हैबतीने खाली ठेवलेला माणूस

जखम बांधताना ‘काही दुखणार नाही’ म्हणतो त्याच्यावर विश्वास ठेवाल, की ‘दुखेल, दात आवळ’ म्हणतो त्याच्यावर? टेका जरा या दगडाला, चढ मोठा आहे. निम्मं आयुष्य मी गिऱ्हाइकांशी गोड बोललो. तरी माझा कौल दुसऱ्याला.

या डोंगराला गाडीरस्ता ठाऊक नव्हता, तेव्हाची गोष्ट. वरच्या वाडीचा हैबती शेलार पलटणीत गेला. बंदूक घेऊन नव्हे, मलमपट्टीची पिशवी घेऊन. समुद्रापलीकडच्या लढाईत गोळ्यांच्या माऱ्यातून त्याने जखमी पाठीवर वाहून आणले. त्याची शेवटची खेप होईपर्यंत सूर्य मावळायचा थांबला, असं म्हणतात.

पदक लावून तो परतला. वाडीने हलगी लावली. हलगीपुढे भागीरथीकाकी येऊन उभी राहिली. तिचा गणू त्याच पलटणीत होता; तो आला नव्हता.

“हैबती, माझा गणू जागच्या जागीच गेला ना रे?”

लोकांनी डोळ्यांनी खुणावलं, हो म्हण. पण हैबती फार दमला होता. खोटं बोलायलाही अंगात जोर लागतो.

“नाही काकी. पाठीवर होता माझ्या. वाटेत दुसरा दिसला, तो जगण्यासारखा होता. गणूला खाली ठेवला. ‘आलोच’ म्हणालो. गेलो तेव्हा गार पडला होता.”

हलगी थांबली. काकी म्हणाली, “मग आता कुणाला खाली ठेवू नकोस.”

तेव्हापासून आजाऱ्याला झोळीत घालून घाटाखाली न्यायचं झालं, की बांबूचं पुढचं टोक हैबतीच्या खांद्यावर. मागचे गडी बदलत, हा नाही. दवाखाना येईपर्यंत झोळी टेकायची नाही. पुराचं पाणी त्याच्या छातीशी दुभंगायचं, असं म्हणतात. खांद्याला खळगा पडला, त्यात पाऊस साठायचा आणि चिमण्या पाणी प्यायच्या, असंही म्हणतात. झोप मात्र त्याला आडवं होऊन कधी लागली नाही. बसल्या बसल्या डुलकी, तेवढीच.

म्हातारपणी काकीलाही त्यानेच उचललं. अर्ध्या घाटात, या दगडापाशी, ती झोळीतून म्हणाली, “ठेव रे.”

“दवाखाना लांब आहे काकी.”

“मला ठाऊक आहे, किती लांब आहे ते. दमलास. ठेव मला.”

त्याने ठेवलं. काकी इथेच शांत झाली. आणि हैबती तिच्या शेजारी आडवा होऊन निजला. जागा होईपर्यंत कुणी हलवलं नाही त्याला.

आता जीप येते. तरी आजारी माणूस आत असला, की ड्रायव्हर या दगडाशी क्षणभर थांबतो. आधी गणूचं नाव घेतात, मग हैबतीचं.

तुम्हीही सांगाल पुढे कुणाला. सूर्य हवा तेवढा थांबवा, चिमण्या वाढवा. पण गणूला गाळू नका, बाबांनो. एवढा हिशेब खरा ठेवा.