खंडोबाच्या तसबिरीमागची किल्ली

सर्जेराव इंगवल्यांकडे परवान्याची बंदूक होती आणि बंदुकीहून मोठा तोरा होता. बंदुकीची तिजोरी त्यांच्या पलंगाखाली असे आणि तिची किल्ली देवघरात, खंडोबाच्या तसबिरीमागे.

“मामंजी, किल्लीची जागा बदला,” सून उज्ज्वला म्हणाली. “रेवा आता सगळीकडं चढते.”

“तू मला शिकवणार? आपण मोठी माणसं सोडली तर ही जागा चिटपाखराला ठाऊक नाही. आणि देवाच्या पाठीमागं हात घालायची पोरीची काय छाती!”

दसऱ्याला बंदुकीची पूजा झाली. सर्जेरावांनी ती तिजोरीत ठेवली, किल्ली तसबिरीमागे सारली. संध्याकाळी सोनं द्यायला गाव लोटलं आणि रावांच्या शिकारीच्या गप्पा रंगल्या. तेवढ्यात चिमुरड्या रेवानं आजोबांना आपट्याचं पान दिलं आणि त्यांच्या पायांना मिठी मारली. पांढऱ्याशुभ्र धोतरावर लालभडक बोटं उमटली.

“अरे, रक्त!” कुणीतरी ओरडलं. रावांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी पोरीचे हात उलटेपालटे करून पाहिले, पण जखम कुठंच नव्हती.

“कुंकू आहे ते,” उज्ज्वला म्हणाली. “तिजोरीची किल्ली पूजेनंतर मी कमरेला खोचली. तसबिरीमागं वरच्या माळ्याची किल्ली ठेवली, तेलात कालवलेलं कुंकू फासून.”

सर्जेरावांनी धोतरावरची लाल बोटं पुन्हा निरखली. “पण हिला जागा दाखवली कुणी?”

“तुम्हीच. रोज तिला कडेवर घेऊन देवापुढं उभे राहता ना? नमस्कार करताना डोळे तुम्ही मिटता, मामंजी. ती मिटत नाही.”